काठीचा मान

काठी उचलायच्या आधी शिवकुमारनं कमरेचा चामडी पट्टा आवळला. पट्टा सरकून खाली आला. आणखी आवळावा, तर भोकंच संपली.

उद्या जत्रा. देवाची वीस हात उंच काठी सगळ्यांत आधी पेलायचा मान त्यांच्या घराचा, आणि आज देवळापुढं शेवटचा सराव.

गेल्या जत्रेतला त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला होता. काठी राहिली बाजूला, लोक पोटावरच तुटून पडले. ‘काठी कसली, गडी पोट पेलतोय!’ असं कुणीतरी खाली लिहिलं अन् अख्ख्या तालुक्यानं हसून घेतलं. झालं! किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा हा चाळिशीचा माणूस मोबाईलवरल्या पोरांची सपाट पोटं बघत बसू लागला. मुरूम गावाला जाऊन जिम लावली. भाकरी सोडली. रात्री काकडी खाऊन निजायचा आणि बायकोवर खेकसायचा. पोट गेलं, लोकांनी वाहवा केली. पण आरशापुढं उभा राहिला की ह्याला आपलं तेच जुनं पोट दिसायचं.

काठीचा बुडखा पट्ट्याच्या खोबणीत बसवून त्यानं उचल घेतली. बुडखा पोटावर टेकेना, घसरला. काठी डोलली, शेंड्याला बांधलेले दोर चौघांनी ओढून धरले म्हणून निभावलं. दुसऱ्यांदाही तेच. समोर चुलतभाऊ विरेश मोबाईल धरून उभा.

“बंद कर ते!” शिवकुमार ओरडला. मग बापाकडं वळून हळूच म्हणाला, “अप्पा, माझ्यानं न्हाय व्हायचं. मान दुसऱ्याला द्या.”

बंडप्पा कट्ट्यावरून उठले. जन्मभर काठी पेललेला म्हातारा, पोट अजून गरगरीत. त्यांनी लेकाची कंबर चाचपून बघितली अन् हसले.

“तम्मा, काठीला टेकायला जागाच ठेवली न्हाईस की रं.”

त्यांनी डोक्याचा पटका सोडला, घड्या घालून लेकाच्या पोटावर ठेवला आणि वरून पट्टा आवळला. गेल्या वर्षीचं पोट जागेवर आलं.

“आता शेंड्याकडं बघ. खाली कुणाकडं बघू नको.”

शिवकुमारनं उचल घेतली. बुडखा पोटावर रुतून बसला. काठी सरळ उभी राहिली. एक पाऊल, मग दुसरं. दोरवाल्यांनी दोर सैल सोडले.

“दादा,” विरेश म्हणाला, “पोट लई दिसायलंय व्हिडिओत. दुसऱ्या बाजूनं घेऊ का?”

शिवकुमारची नजर शेंड्यावरनं हलली नाही.

“दिसू दे रं. तू आधी तुझ्या वहिनीला फोन लाव. म्हणावं, आज माझ्याबी भाकरी टाक.”