हातातला टॉवेल

क्लबच्या सन्मान-दालनात एकाच निवृत्त बॉक्सरची तसबीर लागणार होती, म्हणून समितीत सकाळपासून खडाजंगी चालली होती. एक म्हणे पदकं मोजा, दुसरा म्हणे विजय मोजा. शेवटी म्हातारे उस्ताद टेबलावर मूठ आपटून उठले.

"पदकं पैशाला पासरी मिळतात हो! माझ्या चेल्याला लोक 'खांब' म्हणायचे ते उगाच नाही. आयुष्यात एकदाही आडवा झाला नाही. शेवटच्या लढतीत तर डोळे पांढरे झाले होते त्याचे. टॉवेल माझ्या हातातच होता. रिंगणात टाकला असता, तर लढत तिथंच थांबली असती. पण मी नाही टाकला! आणि पठ्ठ्या जिंकला!"

खांबाचं नाव एकमतानं ठरलं.

उस्ताद पत्र घेऊन तडक त्याच्या घरी गेले. खांब खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. त्यानं उस्तादांना ओळखलं नाही. बायको त्याला चमच्यानं भरवत होती. तिनं पत्र वाचलं, घडी घालून बाजूला ठेवलं, आणि खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उस्तादांच्या हातात दिला.

"आता तरी टाका, उस्ताद. ह्यांच्या छातीवर. घास ओघळतो हो."