घाईत छापलेली जर्सी

काकांनी प्रेसचा दांडा वर उचलला तेव्हा पिवळ्या जर्सीच्या छातीवर संघाचं नाव झकास उमटलं होतं. नेमका तेव्हाच बाहेरच्या भोंग्यावर निकाल आला. पाणक्याची पिवळी जर्सी चार सेकंदांनी हुकली होती.

सायकल शर्यतीतला दिवसाचा टप्पा संपला की दहा मिनिटांत मानकऱ्याला मंचावर पिवळी जर्सी चढवायची, आणि तिच्यावर त्याच्या संघाचं नाव हवंच. त्यासाठी शेवटच्या रेषेपाशी काकांची गाडी उभी असते. आत एक प्रेस, कोऱ्या जर्स्यांचा गठ्ठा आणि बावीस संघांच्या नावांचे छाप. पंचांची चिठ्ठी हातात आल्याशिवाय छापायचं नाही, हा नियम. अठरा वर्षांत काकांनी तो एकदाही मोडला नव्हता. आज मोडला, कारण पाणक्या पुढे होता.

पाणक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बारा वर्षं तो संघातल्या बड्या गड्यांना चालत्या सायकलवरून पाण्याच्या बाटल्या पोचवत आला, म्हणून ते चिकटलं. रोजचा टप्पा कुणीही जिंको. पिवळी जर्सी त्याची, ज्याला सगळे टप्पे मिळून सर्वांत कमी वेळ लागला. ती एक दिवस अंगावर आली तरी माणूस जन्मभर तेवढ्यावर ओळखला जातो. आज पाणक्या घोळका सोडून असा काही सुटला की एक किलोमीटर उरला तरी वेळेच्या हिशेबाने जर्सी त्याचीच होती. काकांना राहवलं नाही.

मग शेवटच्या चढावर त्याचे पाय गेले आणि जर्सी जिथे होती तिथेच राहिली, कालच्याच, दुसऱ्या संघातल्या तरण्याबांड गड्याकडे. काकांनी त्याच्या संघाचं नाव टाकून दुसरी छापली, मंचावर धाडली आणि पाणक्याची घडी करून खोक्यात टाकली.

दारावर थाप पडली. पाणक्या. तोंडावर घामाचं मीठ वाळलेलं.

"काका, माझी छापली होती म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"मंचावरच्या ताई. जर्सी न्यायला आल्या तेव्हा त्यांना दिसली."

खोटं बोलावं असं काकांच्या मनात आलं होतं. जमलं नाही. "अक्कल गहाण ठेवली होती मी. पण फार वाटलं रे, तुला मिळावी."

"मलाही," पाणक्या म्हणाला आणि हसला. "बघू?"

चुकून छापलेली जर्सी पंचांसमोर कापून टाकायची असते, कुणाला दाखवायची नसते. काकांनी खोकं उघडलं. आज एक नियम मोडलाच होता, दुसऱ्याचं काय एवढं.

पाणक्याने आधी हात चड्डीला पुसले. मग संघाच्या नावावरून बोट फिरवलं, पहिलीतल्या पोरासारखं, अक्षर अक्षर लावत.

"बायकोला दर वर्षी सांगतो, एकदा ही घालीन आणि मग सायकल खुंटीला टांगीन. ती आता ऐकतसुद्धा नाही."

"पुढच्या वर्षी बघ ना."

"पुढच्या वर्षी कुठलं काका? संघाने कालच सांगितलं, आता घरी बसा."

काकांनी गाडीचं दार आतून लावून घेतलं. "घाल. एवढ्यात कुणी येत नाही."

मंचावरच्या जर्सीला चेन पाठीला असते. समोरून हात घालायचे, मागून दुसऱ्याने चेन वर ओढायची. पाणक्याने एक हात घातला, मग दुसरा. छातीवर कापड सारखं केलं. गाडीत आरसा नव्हता, म्हणून तो कोपऱ्यातल्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत बघत राहिला. काचेत रंग काही धड दिसत नव्हता. तरी तो पोट आत ओढून ताठ उभा राहिला. बाहेर कुणासाठी तरी टाळ्या पडत होत्या.

काका मागे गेले. त्यांनी चेनीचं टोक चिमटीत धरलं आणि पाणक्या झटकन पुढे सरकला.

"नको काका. चेन लावलीत, तर मग काढवणार नाही माझ्याच्याने."