गाठोड्यातली मुलगी

"आणि मग ते गाठोडं शिंकलं," धाकटी माइकसमोर म्हणाली.

हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेली थोरली मात्र हसली नाही. ती शिंक तिची होती.

खऱ्या गोष्टींची संध्याकाळ होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नियम सोपे होते. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी आणि हातात कागद नको. दोघी बहिणींनी हौसेने नाव दिलं होतं. मजा जाईल म्हणून कोण काय सांगणार हे एकमेकींना सांगितलं नव्हतं. धाकटीनंतर लगेच थोरलीची पाळी होती.

थोरली दातांची डॉक्टर. ही गोष्ट ती वर्षानुवर्षं दवाखान्यात सांगत आली होती, आ वासून बसलेल्या माणसांना. त्यांच्यापैकी एकानेही कधी शंका काढली नव्हती. आज त्यातले काहीजण मुद्दाम ऐकायला आले होते. तोंडं मिटलेली असल्यामुळे आता त्यांना बोलता येत होतं.

"डॉक्टर," मागून एकाने हळूच विचारलं, "ही तर तुमची गोष्ट ना?"

थोरलीचे कान तापले.

धाकटी रंगात आली होती. आजोबांची लाँड्री. नुकत्याच वाळलेल्या उबदार चादरींचा ढीग. त्यात शिरून झोपी गेलेली मुलगी. लाँड्रीतल्या माणसाने न बघताच गाठोडं बांधलं, घोडागाडीत टाकलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉटेलात नेऊन उतरवलं. मॅनेजरने गाठ सोडली. आत बघितलं. "आम्ही चादरी मागवल्या होत्या," तो म्हणाला, "ही परत न्या."

पुन्हा हशा. टाळ्याही. थोरलीने मुठी आवळल्या. मॅनेजरचा आवाज नाकातून काढायचा असतो, हेसुद्धा या पोरीला नीट जमत नव्हतं.

"आणि तेवढ्यात," धाकटीने आवाज खाली आणला, "रस्त्याच्या टोकाला माझी आई दिसली. अनवाणी. हातात कोळशाची इस्त्री तशीच. ती खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. इस्त्रीतून धूर निघत होता आणि कुठे आग लागली म्हणून अर्धा रस्ता तिच्यामागे धावत होता."

आता मात्र थोरलीच्याने राहवेना. चादरी गेल्या, शिंक गेली, मॅनेजर गेला. ते एक वेळ तिने सोडलं असतं. पण ती धाव! धाकटी जन्मली आणि आईची मांडी गेली, ती कायमचीच. तेव्हापासून थोरलीने ती धाव तेवढी जपून ठेवली होती. ती एकटीची होती. ताडकन उठून ती हे सगळ्यांसमोर सांगणार, तोच आईने तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"सोड मला," थोरली कुजबुजली. "सरळ चोरी आहे ही. घोडा विकला तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती!"

"तू तरी कुठे जन्मली होतीस?" आई म्हणाली.

थोरलीने वळून आईकडे बघितलं.

"माझं लग्न ठरलं त्या वर्षी घोडा गेला आणि टेम्पो आला," आई म्हणाली. समोर बघून ती टाळ्याही वाजवत होती. "गाठोड्यात मी होते. तुम्हाला झोपवताना सांगायचे. आधी तू रुसलीस की तुझं नाव घालायचे. तू मोठी झालीस, दार लावून अभ्यासाला बसायला लागलीस. मग हिचं नाव घातलं."

"पण आई, मला त्या घोड्याचा वास आठवतो!"

"आठवणारच," आई खुशीत म्हणाली. "मी सांगायचेच तसं."

मंचावर धाकटी वाकून नमस्कार करत होती. खाली उतरताना तिने ताईकडे बघून डोळा मारला. तिच्या डोळ्यांत चोरीचा मागमूस नव्हता. थोरलीचा राग कुठल्या कुठे पळाला आणि त्या जागी नुसती धडधड उरली. एवढ्या सगळ्या माणसांसमोर खरी गोष्ट सांगायची होती आणि तिच्याकडची एकुलती एक गोष्ट आत्ताच संपली होती. तीही तिची नव्हतीच.

"मग तुझ्यामागे कोण धावलं?" तिने विचारलं. "आजी?"

"छे गं. आम्ही इतकी भावंडं, आईला कुठला पत्ता? त्याच गाडीतून संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले आणि पानावर बसले. आजवर कोणी विचारलं नाही, दिवसभर कुठे होतीस म्हणून."

"आणि ती इस्त्री? अनवाणी? तो धूर?"

"ते मी नंतर घातलं."

"आणि आता आपल्या दातांच्या डॉक्टर," निवेदक माइकवर म्हणाला. मागच्या रांगेतल्या पेशंटांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

थोरली उठली. "आई, मी आता काय सांगू? खरं सांगायचंय इथे."

आईने तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं.

"सुरुवात काहीही कर. शेवट तोच ठेव," ती म्हणाली. "तुम्ही हरवला असतात, तर मी आलेच असते. इस्त्रीसकट."