मला खोटं पाड

विहिरीची कड ढासळली आणि सळ्यांनी जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याचा मुलगा तळाशी गाडला गेला. "कातळाखाली पोकळी आहे. कोरडी असली तर पोरगा तग धरेल," मुकादम म्हणाला. सकाळीच मुलगा हसत उतरला होता, "बाबा, आजही पाणी लागलं नाही तर तुमच्या सळ्यांवर कपडे वाळत घालू." सुनेने त्या तांब्याच्या सळ्या आणून दिल्या. "मामंजी, बघा, खाली पाणी लागलंय का?" आजवर म्हातारा पाणाड्या 'देवा, लाज राख' म्हणत सळ्या सैल धरायचा. आज मुठी आवळून पुटपुटला, "देवा, मला खोटं पाड." ढिगाऱ्यावर पाऊल पडताच सळ्या वळल्या, त्यांची फुली झाली. "काय म्हणतात सळ्या?" मुकादमाने दोराजवळून विचारलं. "कोरडं आहे. खणा," म्हातारा म्हणाला. फुली म्हणजे पाणी, हे सुनेला कुणी सांगायला नको होतं. तिने फावडं उचललं.