कानाचं मशीन

“अहो, ऐकलंत का?” एवढंच वाक्य. ताईच्या जुन्या फोनमधून उचलून मीच ते दाजींच्या कानाच्या मशीनमध्ये भरलं होतं. त्यांनी तिला जिन्यावरून ढकलून मारलं, “पाय घसरला” म्हणाले आणि उजळ माथ्यानं फिरत राहिले. ऐकू येईनासं झालं तेव्हा मात्र आले माझ्याच दुकानात. आज दारातूनच ओरडले, “छोट्या, काढ हे कानातून! वेड लागेल मला.” कान ओरबाडून रक्ताळलेला. मी मशीन उतरवलं, सेल काढला, दोन्ही खणात टाकून कुलूप लावलं. खुणेनंच विचारलं, “आता?” “अजून बोलतेय रे ती!” म्हणत ते भिंतीवर डोकं आपटू लागले, मग धडपडत रस्त्यावर पळाले. किती वर्षांनी जिवाला थंडावा मिळाला, हसू आवरेना. दार लावून खुर्चीत टेकलो. तेवढ्यात खणातून ताईची हाक आली, “छोट्या, ऐकलंस का?” सवयीनं मी ओ देऊन बसलो.