सातवं पाणी

"सहा झाली. सातवं पाणी घाल," यूसुफसाहेब म्हणाले.

त्यांच्या सुनेने, तहरीमने, बादली उचलून चादरीवर ओतली. कॅरव्हानच्या मागे फळी टाकून तिने त्यावर चादर आणि सासऱ्यांचा लेंगा पसरला होता. पहिल्या पाण्याला वाळू चोळली होती, बाकीची सहा नुसत्या पाण्याची. कुत्र्याची नापाकी अशीच निघते, हे कोकणातल्या शाफई पंथाच्या मुसलमान घरांत लहानपणापासून शिकवतात आणि यूसुफसाहेब शिकलेलं विसरणाऱ्यांतले नव्हते. घडीच्या खुर्चीत बसून ते बोटांवर पाणी मोजत होते. सुनेचे हात थंडीने लाल झालेले त्यांना दिसत होते, पण घाण ती घाण.

"चार रात्रींत तिसऱ्यांदा मुतलाय माझ्या अंगावर. शी!"

"मधलं दार नीट लागत नाही, अब्बा. चूक माझीच आहे," तहरीम म्हणाली.

अहमदीच्या पुढे वाळवंटात भाड्याच्या कॅरव्हानांची ही रांग होती. थंडीत अर्धं कुवेत असं उघड्यावर येऊन राहतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलगा सर्फराज आठवड्यासाठी सगळ्यांना घेऊन आला होता. तहरीम, दहा वर्षांची शाझिया, अब्बा आणि तो कुत्रा.

यूसुफसाहेबांना इथलं काहीच सोसत नव्हतं. शेजाऱ्यांनी फेकलेले उष्ट्या बिर्याणीचे डबे, त्यांवर घोंगावणाऱ्या माशा, गुडघे दाराला टेकतील एवढासा संडास, चहाच्या तळाशी वाळू. मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं त्यांनी कोपरापर्यंत तेलात हात घातले होते, पण किळस कधी आली नव्हती. तेल साबणाने जातं. पहाटे जाग यावी, पाठीखाली ओलं लागावं, तो आंबूस भपकारा नाकात भरावा आणि अंधारात पायाशी थंडगार केसांचं ते जनावर शेपूट हलवत उभं असावं, याची मात्र त्यांना शिसारी येई. वर त्याचं नाव काय, तर जैतून! ऑलिव्हच्या मुबारक फळाचं नाव कुत्र्याला दिलं नातीने, आणि आईबापांनी कौतुक केलं.

शहरातल्या घरीही दोनदा असंच झालं होतं. पहिल्यांदा काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. तहरीमच म्हणाली होती, "जैतून आत शिरला वाटतं." त्याआधी ते कुत्र्याकडे काणाडोळा करत. नंतर त्यांना त्याच्या भांड्याकडेही बघवेना.

नाश्त्याला बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"सर्फराज, आज निकाल लाव. या घरात तो तरी राहील नाहीतर मी. मला रत्नागिरीला पाठव. अशा अंगाने पहाटे फजरची नमाज कशी पढायची मी?"

सर्फराजने कप खाली ठेवला. "अब्बा, शाझियाचा जीव आहे त्याच्यावर."

"आणि माझी अब्रू? या वयात माझ्या अंगाला तो वास यायचा?"

"ही नेव्हर डझ इट इन माय रूम!" शाझिया किंचाळली.

"तुझ्या खोलीत कशाला करेल? त्याचं वैर माझ्याशी."

तहरीम शेगडीवर घावनं काढत होती. पाठ न वळवता ती म्हणाली, "थोडे दिवस जाऊ द्या, अब्बा. मी त्याला बाहेर बांधत जाईन."

"कालही हेच बोललीस."

"पण तो गेल्यावर..." एवढंच बोलून ती थांबली. तव्यावरचं घावन करपलं.

"तो गेल्यावर मला सुखाची झोप लागेल," यूसुफसाहेब म्हणाले.

सर्फराजने फार वाद घातला नाही. बापाशी वाद घालायची त्याला सवयच नव्हती. तळाचा राखणदार तौफीक कोकणातल्याच म्हसळ्याचा होता, कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एकटा राहायचा. राखणीला त्याला कुत्रा हवाच होता. सर्फराजने विचारलं आणि तो लगेच हो म्हणाला.

शाझियाने जैतूनच्या गळ्याला मिठी मारली. कुत्र्याने तिचा रडका गाल चाटला. यूसुफसाहेब ताडकन उठले.

"आधी तिचं तोंड धुवा," ते ओरडले. "सात वेळा!"

मुलीला ते बघवायचं नाही म्हणून सर्फराज तिला गाडीत घालून दुकानाकडे घेऊन गेला. यूसुफसाहेबांनी साखळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि कुत्र्याला ओढत निघाले. मागून तहरीम ओल्या हातांनी धावत आली.

"अब्बा, मी नेते. तुम्ही कशाला? ऊन लागेल."

"जानेवारीत कसलं ऊन? तू नेशील आणि परत आणशील. ओळखून आहे मी तुला."

"अब्बा, ऐका तरी. तुम्ही नका ना जाऊ."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका कुत्र्यापायी! यूसुफसाहेबांना सुनेचीही किळस वाटली, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही. "आत जा," ते म्हणाले. ती तिथेच वाळूत उभी राहिली.

तौफीक केबिनच्या दारात दात घासत होता. साखळी सुटताच जैतून त्याच्या पायांमधून आत गेला आणि खाटेखाली जाऊन पडला. यूसुफसाहेबांनी पिशवी बोळा करून फेकली आणि वाळूने हात घासले.

"सांभाळून राहा, बाबा," ते म्हणाले. "घाणेरडं जनावर आहे. रात्री आत घेऊ नकोस. अंथरुणात मुततो."

तौफीकने चूळ भरली आणि हसला.

"काय चाचा! रोज माझ्याच खाटेखाली तर झोपतो. रात्री इशाची नमाज झाली की भाभी आणून बांधतात, नि फजरच्या आधी येऊन घेऊन जातात. चार रात्री झाल्या, एक थेंब सांडला नाय त्यानं."