पैलवान बाहेर येईना

“हात घालू नका मावशी, बोट तोडंल त्यो!” टाकी बसवणारा सुनील ओरडला.

आक्काबाईनं ऐकलं नाही. पदर खोचून तिनं कोपरापर्यंत हात काचेच्या टाकीत घातला होता आणि दगडाच्या कपारीत दडलेल्या माशाला ती शिव्या घालत होती. “भायेर ये, मुडद्या! हितं माजं माणूस उपाशी मरायला लागलंय, आन् तू दडून बसतोस व्हय?”

मासा ढिम्म हलला नाही.

खाटेवर तिचा नवरा, पोपटराव, भिंतीकडं तोंड करून पडले होते. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, तरी आतापर्यंत चार घास पोटात जात होते. आता तेही बंद. मुलानं, कपिलनं, चमचा पुढं केला की ओठ घट्ट मिटायचे. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते, “आज काही पोटात गेलं नाही, तर उद्या पुण्याला हलवा. नाकातून नळी घालावी लागेल. पण हे शरीर किती साथ देईल, सांगता येत नाही.”

आणि हे सगळं सुरू झालं होतं पैलवान कपारीत शिरला तेव्हापासून.

पैलवान म्हणजे हा मासा. पोपटरावांचं मंचरला हायवेलगत मोटार रिवायंडिंगचं दुकान. पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाचा पंप दुरुस्त करायला गेले आणि येताना हा समुद्रातला ट्रिगरफिश घेऊन आले. तेव्हा तो बोटाएवढा होता. वाढून हातभर झाला. टाकीत दुसरा मासा टिकू देईना. दगड उचलून काचेवर आपटायचा, कोळंबी द्यायला उशीर झाला तर पाण्याची चूळ थेट तोंडावर मारायचा. लोक मुद्दाम बघायला यायचे. “पोपटरावानं मंचरात समुद्र आणला राव!” म्हणायचे.

त्याच्यासाठी खास मीठ पुण्याहून यायचं, पाणी गाळून घ्यावं लागायचं. आक्काबाई जाम वैतागायची. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडून पोपटरावांनी तिथं आरपार दिसणारी टाकी बसवली होती, त्यामुळं तिच्या ओट्याशेजारी दिवसभर पंपाची घुरघुर. “मासा कसला, सवत हाय ती माजी,” असं ती येईल त्या पाव्हण्याला ऐकवायची आणि पोपटराव मिशीत हसायचे.

लकवा झाल्यावर त्यांची खाट बैठकीत टाकली. दिवसभर ते टाकीकडं बघत पडून राहायचे. पैलवान मोठा खादाड. ओट्यापाशी भांडं वाजलं की तिकडं धावायचा, आणि यांचे डोळे त्याच्यामागं. कपिल भरवायचा तेव्हाही नजर टाकीवरच.

आक्काबाई त्यांच्यासमोर फारशी जायची नाही. पेशंटसमोर रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तो वाकडा झालेला ओठ बघितला की तिला आवरायचंच नाही. मग ओट्यापाशी भाकरी थापता थापता ती रडून घ्यायची. बैठकीतून कपिलचं “घेतला गं घास!” ऐकू आलं की डोळे पुसून कामाला लागायची.

“आई, आबांचा सगळा जीव त्या माशात हाय,” एकदा कपिल म्हणाला. “टाकी त्यांच्या म्होरंच आणून ठिवू की.”

तिला पटलं. सवत तर सवत, माणूस तर तिच्यामुळं जगतंय! सुनीलचं आळेफाट्यावर शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्याला बोलावून टाकी काढली आणि खाटेच्या पायाशी लावली. फोडणीचा धूर बैठकीत जाऊ नये म्हणून भिंतीतल्या भगदाडावर प्लायवूड ठोकलं. पण जागा बदलल्यानं पैलवान बिथरला आणि कपारीत घुसला. त्याच दिवसापासून पोपटरावांनी अन्न सोडलं.

“वढू नका,” सुनील आता काकुळतीला आला होता. “पाठीवरचा काटा उभा करून त्यानं आतनं कडीच लावलीया. त्याच्या मागं बारका काटा हाय. त्यो दाबा, म्हंजी म्होरचा पडंल.”

आक्काबाईनं चाचपलं. बारका काटा बोटाला लागला. तिनं तो दाबला, आणि पैलवान सुटला तो तिच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेऊनच. पाण्यात रक्त पसरलं.

“आई गं!” ती कळवळली, पण लगेच हसायलाही लागली. मासा टाकीभर येरझाऱ्या घालत होता. “अहो, बगा तरी! आला तुमचा पैलवान!”

पोपटरावांनी मान वळवली. माशाकडं एकदा बघितलं. कपिलनं घाईघाईनं पेजेचा चमचा त्यांच्या ओठांना लावला.

ओठ उघडले नाहीत. पेज हनुवटीवरून उशीवर ओघळली.

आता करायचं तरी काय राहिलं? उद्या पुण्याला नेलेलं माणूस घरी परत येणार नाही, असं आक्काबाईच्या मनानं घेतलंच. तोंडात पदर कोंबून ती स्वयंपाकघराकडं वळली.

पदराला ओढ बसली. पोपटरावांनी डाव्या हातानं तो धरला होता. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच त्या घशातून शब्द निघाले, एकेक, ओढून काढावेत तसे.

“टाकी… परत भिंतीत… लाव. घास घेतला की… तू डोळं पुसायचीस. आता… दिसंना.”